हातानं बघायचा रणगाडा

बारामती,
१८ ऑगस्ट १९९६

चि. संभाजी यास अनेक आशीर्वाद.

दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर तू धाडलेला निरोप पोचला. निरोप असा : "मावशीला रणगाडा पायजे." टेम्पोवाल्याने तो इंजिन चालू ठेवून रस्त्यावरूनच ओरडून सांगितला. त्यामुळे निरवांगीचे माझे मावसभाऊ लवकरच कुणावर तरी चाल करून जाणार, अशी आमच्या आळीची समजूत झाली आहे. पुढच्या खेपेला कार्ड टाक बाबा.

माझ्या पायाचे तुला कळलेच असेल. शाळेच्या पायरीवरून घसरलो आणि मांडीचे हाड मोडले. आत सळई, बाहेर प्लास्टर. इतकी वर्षे पोरांकडून 'पतति, पततः, पतन्ति' घोकून घेतले, प्रयोग करून दाखवण्याची वेळ आताच आली. डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत एसटीचे नाव काढायचे नाही. तेव्हा मी घरातच आहे आणि लाकूड, पत्रा, फेव्हिकॉल यांच्या संगतीत बरा आहे. तुझी वहिनी याला "मास्तरांची भातुकली" म्हणते.

आता मुद्द्याचे. गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात मी लष्करी ट्रक आणि जीप मांडली होती, ती तू पाहिलीस आणि घरी जाऊन मावशीला सांगितलेस, हे उघड आहे. पण माझी सगळी करामत डोळ्यांसाठी असते रे. गंज रंगाचा, चिखल रंगाचा, पोचे आलेला पत्रासुद्धा रंगाच्या सावलीचा. बोट फिरवलेस तर सगळे एकजात गुळगुळीत. आणि मावशीची दृष्टी तर काचबिंदूने नेली. तिला मी काय दाखवू?

तुझा थोरला भाऊ दत्तू एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याला येत्या डिसेंबरात पंचवीस वर्षे होतील. त्याचा रणगाडा आपल्यापैकी कुणीच पाहिला नाही. मावशीला आताच का हवा झाला, ते लिही. आणि स्पष्ट लिही. तुझे अक्षर वाचण्यापेक्षा शिलालेख सोपे.

तुझा,
कुंडलिक


निरवांगी,
२७ ऑगस्ट ९६

ती. कुंडलिकदादांस संभाजीचा सा. न.

अक्षराचं म्हनाल तर सातवीपस्तर तुमच्याच हाताखाली शिकलो. दोष कुनाचा ते तुमीच ठरवा.

आईला इचारलं, रणगाडा कशाला. म्हनली, "डोळं हुतं तवा कुनी दावला न्हाय. आता हात हायती तवर बघून घेती." दादा, आई लई थकली. अर्धी भाकरी जात न्हाय. डाक्टर काय सांगत न्हाय, निस्तं औषध बदलतोय. म्या समजायचं ते समजलोय.

तुमाला आबाजी ठावं हाय. इंदापूरला हायवेला टायरचं दुकान हाय त्याचं. दत्तूदादा आन त्यो एकाच रणगाड्यात हुतं. दादा गाडी हाकायचा, आबाजी तोफ चालवायचा. लढाई सरल्यावर सुट्टी मिळाली तवा स्वताच्या घरी जायच्या आदी त्यो आमच्याकडं आला. रणगाडा पेटला, दादा झाकण उघडून भाईर आला, रानात पडला. वर उघडं आभाळ हुतं. पानी मागितलं, आबाजीनं पाजलं. त्याच्या मांडीवर डोकं ठिऊन दादा गेला. आई येवढ्यावर जगली. दर दिवाळीला आबाजी येतो आन आई त्याच्याकडनं ते सगळं पैल्यापास्नं वदवून घेती. एक शब्द हिकडचा तिकडं झाला तर आईच सुधारती.

आन तुमी आलावता तवा बघितलं आसंल, रोज दिवस मावळताना आई कट्ट्यावर उघड्यावर तांब्या भरून ठिवती. कुनी तान्हेला येईल म्हनून. सकाळी तुळशीला घालती. दादाला पानी मिळालं त्याचं हे.

तवा आईचं मागनं येवढंच. दत्तूदादा कुठं बसायचा ते बोटाला कळाय पायजे. आन जितनं त्यो भाईर आला ते झाकण उघडाय पायजे. बाकी चाकंबिकं न्हाय जमली तरी चालंल म्हनती.

संभाजी


बारामती,
१५ सप्टेंबर १९९६

चि. संभाजी यास आशीर्वाद.

चाके न जमली तर चालतील म्हणे! मावशीला सांग, कुंडलिक लंगडा झाला असला तरी त्याचा रणगाडा लंगडा असणार नाही.

पुण्याहून जुन्या मासिकातली चित्रे मागवली आहेत. दत्तूचा रणगाडा रशियन, टी-पंचावन्न. मी तो खऱ्याच्या विसाव्या हिश्शाने करतो आहे, म्हणजे मावशीच्या मांडीवर मावेल. वरचा घुमट शिवणीच्या लाकडाचा कोरून झाला. तोफ या घुमटातून निघते; तोफ चालवणारा घुमटातच बसून तो फिरवतो आणि वरच्या झाकणातून ये-जा करतो. हाकणारा खाली पुढच्या अंगाला, डाव्या हाताला बसतो. त्याच्या डोक्यावर त्याचे स्वतःचे झाकण. ते उघडेल, काळजी नको.

अडचण वेगळी आहे. घुमट ओतीव लोखंडाचा असतो. वाळूच्या साच्यात लोखंड ओतले की साच्याच्या वाळूची खूण त्याच्या अंगावर राहते. ती खूण, तो पोत, बोटाला लागला पाहिजे. आमच्या न्यायशास्त्राने स्पर्श तीनच मानले : गार, गरम आणि ना गार ना गरम. खरबरीतपणाची त्यांनी स्पर्शात गणतीच केली नाही. त्या थोर पंडितांनी रणगाडा हाताळला नव्हता हे उघड आहे.

बरे, खऱ्या पोताला विसाने भागायला गेलो तर बाकी उरतो गुळगुळीतपणा. मावशीच्या बोटाला काहीच कळायचे नाही. म्हणून पोत प्रमाणाबाहेर जाड करावा लागतो. खरे वाटावे म्हणून खोटे करायचे, असा हा धंदा.

तीन फळ्या धाडतो आहे. 'क'वर रंगारी दाराच्या भेगांत भरतात ती लांबी पातळ करून लावली आणि ओली असताना दाढीच्या ब्रशाने टोचली. 'ख'वर फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा. 'ग'वर लांबीत बारीक वाळू, अर्धी सुकल्यावर चिंधीने दाबलेली. मावशीने हात फिरवून निकाल द्यावा. पत्रे जोडल्याच्या जाड शिवणी मात्र छान साधल्या आहेत. एम-सीलची वळी करायची आणि ओली असताना सुईने तिरपे टोचत जायचे. वहिनीची सुई त्यात कामी आली, शिवाय चाळण गेली. घरात सध्या युद्धजन्य परिस्थिती आहे.

आणखी एक. जिथे माणसाचा हात रोज लागतो, झाकणाची कड वगैरे, तिथे लोखंड घासून गुळगुळीत होते. तिथे मी पेन्सिलीचे शिसे घासणार आहे. मावशीला चकाकी दिसणार नाही, पण बोट तिथे घसरेल.

चिखलासाठी माती लागेल. तुमच्याच रानातली धाड.

कुंडलिक


निरवांगी,
१ ऑक्टोबर ९६

ती. दादांस सा. न.

फळ्या पोचल्या. आईनं एकेक मांडीवर घिऊन निकाल दिला. 'क'ला म्हनली, "भाकरीचा पापुद्रा हाय. नखानं निघंल." 'ख'वर हात ठिवला न ठिवला तोच ढकलली. म्हनली, "हे घोंगडं हाय. कुंडलिकला इचार, रणगाडा करतोय का मेंढरू?" म्या हसलो तर मलाच बोलली. तुमाला ठावं हाय, आपल्याकडं मेंढरं हुती तवा आई दिवा न लावता लोकर निवडायची. जावळाची येगळी, म्हाताऱ्या मेंढीची येगळी. तिचा हात चुकत न्हाय.

'ग'वर लई येळ बोट फिरीवलं. मग म्हनली, "आसंच आसंल. पर गार न्हाय. लोखंड गार आसतंय." आता हेला काय करनार सांगा.

माती धाडलीय. आईनं जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं स्वता चाळली. उठून बसवत न्हाय, पर कुनाला हात लावू दिला न्हाय. म्हनली दत्तूच्या गाडीला हितली माती लागू दे.

आबाजीला निरोप दिलाय. त्यो बारामतीला टायर आनाय येनार हाय, तवा तुमच्याकडं चक्कर मारंल. कुठं काय हुतं ते त्यालाच बरुबर ठावं.

संभाजी


बारामती,
२४ ऑक्टोबर १९९६

चि. संभाजी यास आशीर्वाद.

मावशीचा निकाल शिरसावंद्य. 'ख' फळी चुलीत गेली. गारव्याचा प्रश्नही सोडवला. लेथवरून लोखंडाचा कीस आणून लांबीत कालवला, आणि जिथे जिथे शक्य तिथे खरे लोखंडच वापरले. तोफेची नळी लोखंडी पाइपाची आहे. झाकण लोखंडी पत्र्याचे दुहेरी, पितळी बिजागरीवर. खऱ्याचे झाकण जरा वेगळे उघडते, पण बोटाला बिजागरी सोपी. खाली बैठक कोरली आहे. मावशीचे बोट आत जाईल, तिला दत्तूची जागा सापडेल. झाकण उघडून मिटून इतक्या वेळा पाहिले की वहिनी म्हणाली, "डबीतून तपकीर काढताय का?"

आबाजी परवा येऊन गेला. माणूस मोजके बोलणारा. बूट दारात काढले आणि देवापुढे बसावे तसा रणगाड्यापुढे बसला. मी म्हटले, "डोळे मिटून हात फिरवा. मावशीच्या हाताने बघायचे आहे."

त्याने डोळे मिटले. घुमटावर हात ठेवला. म्हणाला, "गुरुजी, अजून खरबरीत. उन्हात हात टेकला की कातडं सोलायचं." मग बाजूच्या पत्र्यावर बोट टेकवून म्हणाला, "हितं पोचा हुता. झाडाला घासली हुती. दत्तूनं शिव्या खाल्ल्या." पोचा केला. "चिखल कुठवर?" तर त्याने तळहात आडवा धरून थेट पोटापर्यंत नेला. "बसली हुती. पोट टेकलं हुतं." म्हणून मावशीच्या मातीत फेव्हिकॉल आणि थोडा भुसा कालवून रणगाडा पोटापर्यंत रुतवला. माती ओली असताना जुन्या कंगव्याने ओरखडे काढले, वर सुकी माती भुरभुरवली. बोटाला अगदी सुकलेली चिखलवट लागते. तुझ्या वहिनीनेही मान्य केले, म्हणजे बघ.

शेवटी मी विचारले, "तोफेचे तोंड कुणीकडे होते?"

नळीवरून नुसते बोट फिरवत राहिला. मला वाटले आठवत नसेल. मग दोन्ही हातांनी घुमट धरला आणि डावीकडे किंचित वळवला, हळू. दोन बोटे इतकाच. म्हणाला, "हितं." आणि उठला. चहा तसाच. वहिनी म्हणते साखर जास्त पडली होती. मी म्हणतो लष्करातल्या माणसाला आपला चहा पाणचट लागत असणार. दारात बूट घालताना लेसची गाठ त्याला जमेना, तशीच मोकळी ठेवून गेला.

घुमट त्याने ठेवला तिथेच एम-सीलने पक्का केला. हलता ठेवला असता तर टेम्पोत निखळला असता. शिवाय माणूस इतक्या खात्रीने 'हितं' म्हणतो, तेव्हा आपण शहाणपणा करू नये. फटीत लांबी भरली, वर पोत दिला. आता सांधा मलाच सापडत नाही.

दिवाळीच्या आधी टेम्पोबरोबर येईल. वरून काही ठेवू नका म्हणावे. मावशीला सांग, तिच्या हाताच्या परीक्षेला मी संस्कृतच्या परीक्षेपेक्षा जास्त भितो.

कुंडलिक


निरवांगी,
८ नोव्हेंबर ९६

ती. दादांस.

रणगाडा पोचला. एक टवका उडला न्हाय.

कसं लिहू ते कळंना, म्हनून तीन दिस कागूद तसाच ठिवला. झालं ते सांगतो.

आईला भिताडाला टेकून बशिवली, मांडीवर ठिवला. पैला हात घुमटावर. म्हनली, "गार हाय. कुंडलिकला जमलं." तुमचं नाव घेतलं, हसलीबी. मग चिखलाला हात लावला. "ही आपली माती." पोचा गावला. आबाजीनं सांगितलेलं म्या सांगितलं, तर म्हनली, "लहानपनीबी बैलगाडी झाडाला घासायचा." शेजारच्या दगडाबाई आल्या हुत्या, त्याबी डोळं पुसाय लागल्या. सनासारखं वाटलं दादा त्या घटकेला.

मग म्हनली, "झाकण कुठाय?" म्या तिचं बोट धरून ठिवलं. तिनं कड धरली आन उचललं.

टक.

नळीला लागलं. बोटभर सुदीक वर आलं न्हाय. आईला वाटलं आपलंच बोट चुकलं. परत उचललं. टक. मग दुसऱ्या हातानं वर काय हाय ते चाचपलं. नळी धरली. बुडापास्नं टोकापस्तर हात नेला, माघारी आनला. झाकण कुठं येतं, नळी कुठं येती, हे दोन्ही हातानं बघितलं. मला म्हनली, "संभा, ह्ये फिरतंय का?" म्या घुमट फिरवाय बघितला. फिरंना.

आईनं हात नळीवरच ठिवला. दगडाबाई म्हनल्या, बनिवताना चुकलं आसंल. आई म्हनली, "कुंडलिकच्या हातनं चुकलं तर त्यो चिखलाखाली दडवंल. हे आबाजीनं ठिवलंय, पत्रात लिवलंय की. हात आबाजीचा हाय."

मग मला इचारलं, "त्यो भाईर कसा आला?"

दादा, म्या काय सांगू? तुमीच सांगा. तुमचं चुकलं आसंल तर तसं लिवा. लगी लिवा. आईला वाचून दावतो.

संभाजी


बारामती,
१० नोव्हेंबर १९९६

चि. संभाजी,

तुझे पत्र आले तेव्हापासून मासिकातली चित्रे उलटतो आहे. चुकले असेल अशी आशा धरून.

मी झाकण उघडून पाहत होतो तेव्हा घुमट टेबलावर वेगळा होता. घुमट बसवल्यावर एकदाही झाकण उचलले नाही. उचलावेसेच वाटले नाही. सांधा सापडतो का, पोत जुळला का, एवढेच बोटाने पाहत राहिलो. माझी चूक असेल तर ही. मापाची नाही.

तू विचारतोस म्हणून लिहितो. तोफ तिथे थांबली तर हाकणाऱ्याचे झाकण वर येत नाही. खऱ्यातही नाही. घुमट दोन बोटे फिरला की मोकळे होते, पण गोळा लागल्यावर घुमट फिरायचा राहिला असेल. दुसरी वाट त्याच्या जागेमागून, खाली पोटातून. आणि पोट चिखलात टेकले होते. ते तर आपणच रुतवले आहे, मावशीने चाळलेल्या मातीत.

आता ऐक. हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे, मावशीला वाचून दाखवू नकोस. तिला सांग की कुंडलिकने तोफ उलट्या अंगाला बसवली, मास्तर लोकांना डावे-उजवे कळत नाही. माझ्यावर ढकल. उद्याच्या टेम्पोने रणगाडा परत धाड. सांधा फोडतो, नळी उजवीकडे नेतो, वर नवा पोत देतो. फोडल्याची खूण कुणाच्या बोटाला लागणार नाही असा देतो.

परवा पाडवा. आबाजी येईल. त्याच्यापुढे रणगाडा ठेवू नका.

कुंडलिक


निरवांगी,
२० नोव्हेंबर ९६

ती. दादांस.

तुमी सांगितलं तसं आईला सांगितलं. डावं-उजवं मास्तरला कळंना म्हनून. आई म्हनली, "लिवायला येतं म्हनून कुंडलिकला खोटं बोलाय येतं असं न्हाय." आन रणगाडा द्यायला तयार हुईना. म्हनली, "कशाला फिरवता? फिरवून त्यो काय आता भाईर येनार हाय?"

पाडव्याला आबाजी आला. दर वर्साला आनतो तशी साडी आनली. म्या आईला इनवलं हुतं, रणगाडा आत ठिव. तिनं ऐकलं न्हाय. मांडीवर घिऊन बसली, वर पदर झाकला. आबाजीला दिसला का न्हाय मला कळलं न्हाय. त्यानं पाया पडून आशीर्वाद घेतला. बायकोनं फराळाचं दिलं. आई म्हनली, "सांग की रं आबाजी, दर वर्साला सांगतो तसं."

त्यानं सुरू केलं. सकाळपास्नं धुकं हुतं. रान पाण्यानं भरलं हुतं. गाडी बसली. गोळा लागला, आग लागली. मग म्हनला, "दत्तूनं झाकण उघडलं..."

पदराखालनं आवाज आला. टक.

त्यो थांबला. आई म्हनली, "सांग. झाकण उघडलं, मग?"

"मग... भाईर आला, मावशी."

टक.

"वर आभाळ हुतं."

टक.

आई जोरानं न्हाय उचलत दादा. सावकाश. लेकराला थोपटावं तसं. हातातला लाडू तसाच. आई म्हनली, "पानी मागितलं, मग?" त्यानं लाडू ताटात ठिवला. मान खाली. म्या म्हनलो, आई, बास कर. ती म्हनली, "त्यालाच सांगू दे. पानी मागितलं, मग रं बाळा?"

"पाजलं," म्हनला आबाजी.

"बरं केलंस," आई म्हनली. आन पदर सावरला.

त्यो उठला. आईच्या पायावर डोकं ठिवलं ते उचलंना. म्या धरून उठिवला. एसटीला सोडाय गेलो तर म्हनला, "संभाजी, तू जा माघारी." एसटी आली, गेली. त्यो तितंच हुबा हुता. मग इंदापूरच्या रस्त्यानं चालत निघाला. मी हाक मारली न्हाय.

आईनं त्याच्याबद्दल एक शब्द वंगाळ काडला न्हाय. चांगलाबी न्हाय. त्या सांजच्याला मी म्हनलो, आई, तांब्या भरून देऊ का. म्हनली, "नगं." तांब्या घासला आन फळीवर पालथा ठिवला. त्या दिसापास्नं पालथाच हाय.

संभाजी


बारामती,
२ डिसेंबर १९९६

चि. संभाजी यास,

मला येता येत नाही. टॅक्सी करून येतो म्हटले तर डॉक्टर आणि तुझी वहिनी एकाच स्वरात ओरडले. मावशीला माझा नमस्कार सांग. तिला माझ्यावर रागवायचे असेल तर रागावू दे, मला बरे वाटेल.

आबाजीला दोन कार्डे टाकली. उत्तर नाही. काय लिहिले म्हणशील, तर काहीच नाही. पाय बरा आहे, कधी आलात तर या, चहात साखर कमी घालू, एवढेच.

मावशी अजून झाकण उचलते का? उचलत असेल तर रणगाडा काढून घे असे मी आधी लिहिले होते, ते खोडले. काढून घेऊ नकोस.

कुंडलिक


निरवांगी,
२४ जानेवारी ९७

ती. दादांस सा. न.

आई गेली. तार केली ती तुमाला मिळाली, तुमचा माणूस मातीला येऊन गेला, त्याच्याकडनं समजलं आसंल. तुमचा पाय तसा, तुमी मनाला लावून घिऊ नका.

लई हाल झालं न्हाईत. खानं सुटलं, मग पानी सुटलं. शेवटच्या दोन दिसांत पानी दिलं तर तोंड मिटून घ्यायची. चमच्यानं द्यायचा प्रयत्न केला, दगडाबाईंनी केला. न्हाय घेतलं. गेल्यावर तोंडात गंगाजल घातलं तेवढंच. तिनं ते मुद्दाम केलं का, हे मी कुनाला इचारलं न्हाय. तुमालाबी इचारत न्हाय.

दहाव्याला आबाजी आला न्हाय. कावळा शिवंना. दोन तास बसलो. शेवटी भटजी म्हनले दर्भाचा कावळा करा. केला.

रणगाडा धाडतोय. घरात ठिववत न्हाय आन टाकवत न्हाय. शेवटपस्तर हातात हुता. रातच्याला आवाज यायचा. आता न्हाय येत, तर झोप लागत न्हाय.

जायच्या आदल्या आठवड्यात आई तुमच्यासाठी निरोप सांगून गेली. म्हनली, "कुंडलिकला सांग, झाकण चांगलं केलंय."

संभाजी


बारामती,
२ फेब्रुवारी १९९७

चि. संभाजी यास आशीर्वाद.

रणगाडा पोचला. टेम्पोवाला या वेळी ओरडला नाही. आत आला, टेबलावर ठेवून गेला.

आमच्या शाळेचा शिपाई काल इंदापूरला गेला होता, त्याला टायरच्या दुकानावरून येऊन जा म्हटले होते. शटर खाली आहे. शेजारचा म्हणाला, दिवाळीनंतर आबाजी दुकान उघडायला आलाच नाही. कुठे गेला ते घरचे सांगत नाहीत. माझी दोन्ही कार्डे शटरच्या फटीत तशीच अडकलेली होती, ती शिपायाने परत आणली.

वहिनी म्हणाली, आता तरी नळी फिरवून टाका, आता कुणाच्या हाताला लागायची आहे. मी एम-सील फोडायला पाते लावले आणि काढून घेतले.

मी तुला सप्टेंबरात लिहिले होते, जिथे माणसाचा हात रोज लागतो तिथे लोखंड घासून गुळगुळीत होते, आणि तसे भासावे म्हणून मी झाकणाच्या कडेला पेन्सिलीचे शिसे घासणार. घासलेही होते. ते आता उरलेले नाही. त्याच्या खालचा रंगही उरलेला नाही. कड नागडी झाली आहे आणि तिच्यावरून बोट घसरते. झाकणाभोवती मी दिलेला पोत मावशीने बोटांनी घासून पार सपाट केला आहे. असे मला करता आले नसते. हे नकली नाही.

आणि नळीच्या पोटाला, जिथे झाकण आपटते तिथे, नखाएवढा टवका उडून आतले लोखंड उघडे पडले आहे. बिजागरी तपासली. इतक्या वेळा उचलूनही ती सैल झालेली नाही.

कुंडलिक